पासंगाचे वजन : बेळगाव लोकसभा मतदारसंघाचा मागोवा

(व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो भावनेचा नसून हिशेबाचा आहे. सीमाभागातील मराठी माणसाला भावनेचे वावडे कधीच नव्हते; हिशेबाचे मात्र थोडेफार आहे. आपल्या लोकसभा मतदारसंघाविषयी आपण चौकात, दुकानाच्या फळीवर आणि लग्नाच्या मांडवात भरपूर बोलतो. परंतु 1952 पासून या मतदारसंघाने कोणाला निवडले, किती मतांनी निवडले आणि त्या निवडीत आपल्या मतांचे वजन किती पडले, हे कागद पुढे घेऊन पाहण्याचे काम क्वचितच होते. ते काम आज आपण मिळून करू.

जुन्या पेठेतील तराजू ज्यांनी पाहिला आहे त्यांस पासंग म्हणजे काय हे सांगावयास नको. दोन पारडी समतोल नसली की हलक्या बाजूस जो लहानसा तुकडा बांधतात तो पासंग. मालाच्या वजनापुढे त्याचे वजन नगण्य. म्हणूनच अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण तुच्छतेने म्हणतो. परंतु दोन्ही पारड्यांत माल जवळजवळ सारखा पडला, की काटा कोणीकडे झुकावा हे तोच तुकडा ठरवितो. बेळगाव लोकसभा मतदारसंघातील मराठी मतांची स्थिती नेमकी अशी आहे. स्वतःच्या बळावर ती ही जागा जिंकून देऊ शकत नाहीत; पण ही जागा जेव्हा काठावर येते, तेव्हा ती कोणाला मिळावी हे ठरविण्याइतके वजन त्यांच्यात आहे. हे आमचे आजचे प्रतिपाद्य. ते खरे की खोटे, हे आकड्यांनीच सांगावे.

एकसुरी पर्व

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्याचे दोन लोकसभा मतदारसंघ होते. उत्तर बेळगावातून बळवंतराव दातार आणि दक्षिण बेळगावातून शंकरगौडा पाटील, असे दोघे काँग्रेसचे उमेदवार निवडून गेले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, म्हणजे 1957 साली, दुसरी निवडणूक झाली. तीत आणि 1962 च्या निवडणुकीतही दातारच निवडून आले. ते केंद्रीय गृहखात्यात मंत्री होते. 1963 साली त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत एच. व्ही. कौजलगी निवडून आले. 1967 साली एन. एम. नबीसाब, 1971 आणि 1977 साली ए. के. कोट्रशेट्टी, आणि 1980 पासून 1991 पर्यंत सलग चार वेळा एस. बी. सिदनाळ, अशी ही परंपरा आहे. हे सर्वजण काँग्रेसचे होते. 1977 साली उत्तर हिंदुस्थानात काँग्रेसची वाताहत झाली, तरी कर्नाटकाने तिला साथ दिली आणि बेळगावही त्याला अपवाद ठरले नाही.

या चाळीस वर्षांत मराठी माणूस स्वस्थ बसला होता काय? मुळीच नाही. महाजन आयोग 1966 साली नेमला गेला, 1967 साली त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो अमान्य केला. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार विधानसभेत वारंवार निवडून गेले आणि नगरपालिकेत, पुढे महानगरपालिकेत, मराठी नगरसेवकांनी आपला ठसा उमटविला. तथापि लोकसभेत समितीचा एकही खासदार या मतदारसंघातून कधी गेला नाही. 1957 साली नाही आणि त्यानंतरही नाही. ही गोष्ट कानाला गोड लागणारी नाही, पण पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

याचे कारण भूगोलात आहे. विधानसभेचे क्षेत्र लहान असते. शहर आणि त्याभोवतीची पश्चिमेकडील गावे मिळून मराठी मताधिक्याचे क्षेत्र होऊ शकते. लोकसभेच्या क्षेत्रात मात्र तसली आठ क्षेत्रे एकत्र येतात. आजच्या रचनेत ती अशी आहेत : बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग. यांपैकी पहिल्या तीन क्षेत्रांत मराठी मतांना वजन आहे. उरलेली पाच क्षेत्रे घटप्रभा-मलप्रभेच्या काठची, प्रामुख्याने कन्नडभाषक. खानापूर तालुका या मतदारसंघात नाहीच. तो उत्तर कन्नड मतदारसंघात, म्हणजे कारवार, शिरसी आणि भटकळ यांच्या पंक्तीला बसविला गेला आहे. निपाणी चिक्कोडी मतदारसंघात आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तीन ठिकाणची मराठी मते तीन वेगवेगळ्या पेट्यांत पडतात आणि कोणत्याही एका पेटीत ती बहुसंख्य होत नाहीत. ही रचना कोणी हेतुपुरस्सर केली किंवा कसे, या वादात आम्ही आज शिरत नाही. तिचा परिणाम मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही.

आठ वर्षांत चार खासदार

काँग्रेसची ही मक्तेदारी 1996 साली मोडली. त्या वर्षी कर्नाटकात देवेगौडांच्या नेतृत्वाखाली जनता दलाची लाट होती आणि बेळगावातून जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले. दोनच वर्षांनी, 1998 साली, शेतकरी चळवळीतून पुढे आलेले बाबागौडा पाटील भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर विजयी झाले आणि वाजपेयी मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. पुढल्याच वर्षी, 1999 साली, काँग्रेसचे अमरसिंह पाटील निवडून आले. 2004 साली भारतीय जनता पक्षाच्या सुरेश अंगडी यांनी ती जागा घेतली. आठ वर्षांत चार निवडणुका, चार खासदार आणि तीन पक्ष! चाळीस वर्षे एकाच अंगावर निजलेला हा मतदारसंघ जागा झाला तो असा, की प्रत्येक वेळी त्याने कूस बदलली.

ज्या जागेवर कोणताही पक्ष निर्धास्त झोपू शकत नाही, तिला आम्ही काठावरची जागा म्हणतो. अशा जागेवर उमेदवार मतदाराच्या दाराशी अधिक वेळा येतो, पुढाऱ्यांच्या सभा अधिक होतात आणि लहान गटांनाही भाव येतो. म्हणूनच मराठी मतदाराला आपले वजन दाखविण्याची खरी संधी या आठ वर्षांत होती. तिचे आपण काय केले?

चारशे छप्पन्न नावे

1996 च्या निवडणुकीत बेळगाव लोकसभा मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधावे म्हणून मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले होते. एका कागदावर मावणारी ती यादी नव्हे. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील नलगोंडा येथे पाण्याच्या प्रश्नासाठी 480 उमेदवार उभे राहिले, आणि तामिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा क्षेत्रात तर हजाराच्यावर उमेदवार होते. देशभर या तिन्ही नावांची चर्चा झाली. लक्ष वेधण्याचा हेतू सफल झाला, हे कोणीही नाकारू नये. ज्या सामान्य माणसांनी त्या वेळी पदरचे पाचशे रुपये भरून अर्ज दाखल केले, त्यांच्या निष्ठेला आमचे वंदन आहे.

पण त्या निष्ठेचा हिशेब पुढे कसा लागला तेही पाहा. त्याच वर्षी संसदेने लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती केली. लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपयांवर नेली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा पाठिंबा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक आवश्यक केले. पुढे ती अनामत 25,000 रुपये झाली. प्रश्न सुटला नाही. अर्ज भरणे मात्र महाग झाले. आणि ते सबंध देशातल्या प्रत्येक गरीब अपक्षाला महाग झाले. राज्यकर्त्यांनी आपली हाक ऐकली, पण तिला उत्तर न देता दाराला कडी घातली, असे याचे वर्णन करता येईल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मत शेकडो नावांत वाटले गेले, की ते मोजता येत नाही. एका नावापुढे लाख मते पडली तर त्यांचा गठ्ठा होतो. शेकडो नावांपुढे तीच मते पडली तर त्यांचा भुसा होतो. वाऱ्यावर गेलेल्या भुशाचे वजन कोणी करीत नाही. 2019 साली हाच प्रयोग लहान प्रमाणावर पुन्हा झाला. त्या निवडणुकीत 57 उमेदवार उभे राहिले आणि एका यंत्रावर सोळाच नावे मावत असल्याने प्रत्येक केंद्रावर यंत्रांची रांग मांडावी लागली. निकाल काय लागला? सुरेश अंगडी यांना 7,61,991 मते, काँग्रेसचे साधुनवर यांना 3,70,687 मते, आणि अंगडींचे मताधिक्य 3,91,304. त्या रांगेतील बाकीच्या नावांची आठवण आज कितीजणांना आहे?

भरती आणि ओहोटी

आता गेल्या काही निवडणुकांतील मताधिक्याचे आकडे ओळीने ठेवून पाहू. 2014 साली अंगडी यांना 5,54,417 मते पडली आणि काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर यांना 4,78,557. अंतर 75,860 मतांचे. 2019 साली ते अंतर 3,91,304 झाले. 23 सप्टेंबर 2020 रोजी, रेल्वे राज्यमंत्री असताना, अंगडी यांचे कोरोनाने निधन झाले. 17 एप्रिल 2021 रोजी पोटनिवडणूक झाली. तीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी यांना 4,40,327 मते मिळाली, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना 4,35,087 मते मिळाली आणि अंतर उरले अवघे 5,240 मतांचे. मंगलाताई या मतदारसंघाच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. 2024 साली भारतीय जनता पक्षाचे जगदीश शेट्टर यांना 7,62,029 मते पडली, काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर यांना 5,83,592 मते पडली आणि अंतर पुन्हा 1,78,437 झाले.

ज्या जागेवर 2004 पासून एकाच पक्षाने सलग सहा वेळा विजय मिळविला, तिला काठावरची म्हणावे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. आमचे उत्तर असे आहे. पावणेचार लाखांहून अधिक असलेले अंतर दोन वर्षांत पाच हजारांवर येते, ती भिंत दगडी नव्हे, मातीची आहे. त्यातून आणखी एक आकडा घ्या. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत या मतदारसंघातील आठ क्षेत्रांपैकी पाच काँग्रेसने जिंकली आणि तीन भारतीय जनता पक्षाने. एका वर्षाच्या आत त्याच आठ क्षेत्रांतील मतदारांनी लोकसभेला भारतीय जनता पक्षाचा खासदार पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी निवडून दिला. म्हणजे हा मतदार कोणाच्याही दावणीला बांधलेला नाही. दिल्लीसाठी तो एक विचार करतो आणि बंगळुरूसाठी दुसरा. विजेता तोच राहिला तरी मतदार तोच राहिलेला नाही.

पाच हजार दोनशे चाळीस

2021 च्या पोटनिवडणुकीकडे आता जरा थांबून पाहिले पाहिजे. दोन राष्ट्रीय पक्षांच्या खेरीज या निवडणुकीत तिसरा एक उमेदवार होता : महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पाठिंब्याने उभे राहिलेले शुभम शेळके. त्यांना 1,17,174 मते मिळाली. त्यांतील बहुतांश मते बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण या तीन क्षेत्रांतून आली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य 5,240. तिसऱ्याची मते त्याच्या बावीसपट. या एक लाख सतरा हजार मतदारांपैकी शंभरांतील पाचजणांनी जरी पराभूत उमेदवाराला मत दिले असते आणि बाकीचे आपल्या जागी राहिले असते, तरी बेळगावचा खासदार दुसरा झाला असता. किंवा असे म्हणा, की अवघ्या 2,621 मतदारांनी एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात उडी मारली असती तरी काटा फिरला असता. एका विधानसभा क्षेत्रामागे सरासरी 328 माणसे. एखाद्या मोठ्या आळीत तितके मतदार राहतात.

मात्र येथे आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. मताधिक्य कोसळले ते सर्वस्वी मराठी उमेदवारामुळे, असे सांगणारे बरेच आहेत. आकडे तसे सांगत नाहीत. 2019 पेक्षा भारतीय जनता पक्षाची मते 3,21,664 ने घटली आणि काँग्रेसची 64,400 ने वाढली. शेळके यांची सगळी मते भारतीय जनता पक्षातूनच गेली असे क्षणभर धरले, तरी त्या घटीचा तो तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग होतो. बाकीची घट साथीच्या दिवसांत घरी राहिलेल्या मतदारांची, पोटनिवडणुकीतील उदासीनतेची आणि काँग्रेसने उमेदवार म्हणून निवडलेल्या वजनदार पुढाऱ्याची होती. म्हणजे दोन्ही पारडी सारखी झाली ती इतर कारणांनी. पण ती सारखी झाल्यावर हातात मोठा पासंग घेऊन उभा होता तो मराठी मतदार. आमच्या प्रतिपाद्याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

हे वजन राष्ट्रीय पक्षांनी आपल्याआधी ओळखले. त्या प्रचारात महाराष्ट्रातून संजय राऊत मराठी उमेदवारासाठी आले आणि देवेंद्र फडणवीस भारतीय जनता पक्षासाठी आले; मराठी मतदाराला मराठीतूनच दोन दिशांना ओढले गेले. पुढे मार्च 2023 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, येळ्ळूरच्या राजहंसगडावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे काही दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झाले : एकदा राज्यातील तत्कालीन भारतीय जनता पक्षाच्या सरकारकडून आणि एकदा काँग्रेसकडून. महाराजांविषयीची भक्ती दोन्हीकडे असेल, आम्ही ती नाकारीत नाही. पण एकाच पुतळ्यावरून दोनदा पडदा काढावासा वाटतो, तेव्हा त्या भक्तीला मतांचाही थोडा गंध असतो, हे समजण्याइतका मराठी मतदार भोळा नाही.

वजन दाखविले, भाव मिळाला काय?

येथे आपण विषयाच्या मर्मस्थानी आलो. 2021 साली वजन दिसले. पण त्याच्या बदल्यात काय मिळाले? कायदा सांगतो, की एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्यास अनामत जप्त होते. तीन उमेदवारांच्या मतांचीच बेरीज केली तर ती 9,92,588 होते आणि तिचा सहावा हिस्सा 1,65,000 च्या वर जातो. म्हणजे एक लाख सतरा हजार माणसांचा विश्वास मिळविलेल्या उमेदवाराची अनामत गेली. कायद्याच्या दृष्टीने तो अपयशी उमेदवार. विजेत्याच्या दृष्टीने ते मतदार आपल्या विरोधात गेलेले आणि पराभूताच्या दृष्टीने आपल्याकडे न आलेले. कोणीही त्यांचे देणे लागत नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात महानगरपालिकेची निवडणूक झाली. तीत पक्षचिन्हांवर उतरलेल्या भारतीय जनता पक्षाने 58 पैकी 35 जागा घेतल्या आणि जी महानगरपालिका मराठी नगरसेवकांचा बालेकिल्ला समजली जाई तिची सूत्रे दुसऱ्या हातांत गेली. विधानसभेत 2013 साली समितीचे दोन आमदार होते. 2018 साली एकही नाही आणि 2023 सालीही एकही नाही, जरी बेळगाव दक्षिणेत समितीचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर राहिला. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत समितीने पुन्हा उमेदवार उभा केला. परंतु त्या एक लाख सतरा हजारांतील फार थोडी मते त्याच्याकडे परतली. बाकीचे मतदार दोन मोठ्या पक्षांकडे निघून गेले.

त्यांना गद्दार म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. जो शेतकरी आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावरील कन्नड वाचता येत नाही म्हणून तलाठ्याच्या दारी चार खेपा घालतो, ज्या आईला मुलाच्या मराठी शाळेत शिक्षक हवा आहे, जो तरुण नोकरीसाठी पुण्याची गाडी पकडतो, त्यांनी सत्तेजवळच्या माणसाला मत द्यावे यात नवल नाही. मत हा त्यांचा एकच ऐवज आहे आणि तो जेथे काही परत मिळेल तेथे ठेवावा, असे त्यांस वाटते. आपल्या बाजूस ठेवलेल्या ऐवजावर आपण काय परत देऊ, हे जोवर सांगता येत नाही, तोवर त्यांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संसदेचे दार

कोणी म्हणेल, की सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. मग लोकसभेच्या या आकडेमोडीत शक्ती कशाला घालवावी? यावर आमचे उत्तर राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार त्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक मांडले जाते, संबंधित राज्याच्या विधानसभेकडे ते अभिप्रायासाठी पाठविले जाते आणि निर्णय संसद साध्या बहुमताने घेते. विधानसभेचा अभिप्राय संसदेवर बंधनकारक नाही. म्हणजे ज्या सभागृहाला केवळ मत व्यक्त करता येते तेथे आपण वर्षानुवर्षे आमदार पाठविले. आणि ज्या सभागृहाला कायदा करता येतो त्याच्या निवडणुकीत आपण कधी शेकडो नावांची यादी दिली, तर कधी घरी बसलो. विधानसभेची लढाई व्यर्थ होती असे आम्ही म्हणत नाही. भाषिक हक्कांचे रोजचे प्रश्न तेथेच उपस्थित होतात. परंतु लोकसभेची जागा दुय्यम मानण्याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.

आणि सीमेचा निर्णय होईपर्यंत? तोपर्यंतही राज्यघटना मराठी माणसाला रिकाम्या हाताने उभा करीत नाही. गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क 350 व्या अनुच्छेदात आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी पुरविण्याची जबाबदारी 350-अ या अनुच्छेदाने राज्यांवर टाकली आहे. या हक्कांची अंमलबजावणी किती होते, हे संसदेत विचारण्याचे काम खासदाराचे आहे. मग तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही भाषेचा असो.

उद्याचा हिशेब

पुढील काळात या मतदारसंघाचे काय होईल, याचे भाकीत आम्ही करीत नाही. परंतु तीन गोष्टी निश्चित दिसतात.

पहिली अशी, की दोन मोठ्या पक्षांतील अंतर स्थिर नाही. सुरेश अंगडींच्या काळातील वैयक्तिक लोकसंग्रह संपला आहे, उमेदवार बदलत आहेत आणि विधानसभा व लोकसभा यांचे कौल परस्परविरुद्ध जात आहेत. ही जागा पुन्हा काठावर येण्याचा संभव आहे. ती कधी येईल हे सांगून येणार नाही.

दुसरी गोष्ट मतदारसंघांच्या सीमांची. आजच्या सीमा 2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या असून 2008 साली त्या अमलात आल्या. त्याच फेररचनेत उचगाव आणि बागेवाडी ही जुनी विधानसभा क्षेत्रे गेली आणि उत्तर, दक्षिण व ग्रामीण ही नावे आली. पुन्हा फेररचना होईल तेव्हा खानापूर कोठे जावे आणि पश्चिमेकडील गावे कोणाशी जोडावी, हे प्रश्न पुन्हा निघतील. 2002 च्या कायद्याखाली झालेल्या फेररचनेत आयोगाला आपला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागल्या आणि जाहीर बैठका घ्याव्या लागल्या. अशा बैठकीत घोषणा उपयोगी पडत नाहीत. नकाशा, गावांची यादी आणि लोकसंख्येचे कोष्टक घेऊन उभा राहिलेला माणूस ऐकला जातो. ते कोष्टक तयार करावयास आपल्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. उमेदवार द्यावयाचा तर एकच द्यावा आणि निवडणुकीच्या सहा महिने आधी द्यावा. न द्यावयाचा तर तेही तितक्याच आधी आणि एकमुखाने ठरवावे. मराठी शाळांतील शिक्षक, सरकारी कागदपत्रांत मराठीचा वापर आणि मराठी फलकांना संरक्षण, अशा मोजक्या मागण्या लेखी करून दोन्ही पक्षांच्या उमेदवारांपुढे ठेवाव्या, त्यांची उत्तरेही लेखी घ्यावी आणि ती गावोगाव वाचून दाखवावी. मतदारयादीतील नावे निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, दर वर्षी तपासावी. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे नाव, हे काम प्रत्येक आळीतील दोन तरुण सहज करू शकतील. आणि गोकाक-बैलहोंगलकडील कन्नड शेजाऱ्यांशी वैर धरू नये. त्यांच्या उसाच्या दराचा प्रश्न आणि आपल्या भाषेचा प्रश्न एकमेकांच्या आड येत नाहीत. मतदारसंघ एक असताना पाच क्षेत्रांकडे पाठ फिरवून लोकसभेचे राजकारण करता येत नाही.

बंधुभगिनींनो, तराजू आपल्या हातात नाही, हे आपण गेली साठ-सत्तर वर्षे दुःखाने म्हणत आलो. ते खरेच आहे. पण 2 मे 2021 रोजी मतमोजणीच्या केंद्रात रात्रीपर्यंत दोन मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी ज्या धाकधुकीने आकडे टिपत होते, त्या धाकधुकीला 1,17,174 मराठी माणसांचे मत हेही एक कारण होते. ती माणसे कोठे गेलेली नाहीत. ती याच गल्ल्यांत, याच गावांत आहेत आणि त्यांपैकी बरीच आज या सभेतही असतील. त्यांचे मत पुन्हा एका गठ्ठ्यात बांधावयाचे की वाऱ्यावर सोडावयाचे, आणि बांधले तर त्याची किंमत आधी ठरवून घ्यावयाची की नंतर मागत बसावयाचे, हा निर्णय बंगळुरूला होणार नाही आणि मुंबईलाही नाही. तो येथेच व्हावयाचा आहे. पुढची निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता तो व्हावा, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.